सेवा कोणत्या भाषेत करायची?

'मिशनरी आणि मराठी' हा विषय चर्चासत्रात निघाला की पुढे काय होणार, हे आता आम्हांला पाठ झाले आहे. सकाळच्या सत्रात फादर स्टीफन्स, मोल्सवर्थ आणि 'ज्ञानोदय' ह्यांचे ऋण मान्य केले जाते. दुपारच्या सत्रात कोणीतरी उठून विचारतो की ही सारी सेवा अखेर धर्मांतरासाठीच नव्हती काय. मग दोन फळ्या पडतात, आवाज चढतात आणि अध्यक्ष 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' असे सांगून चहाची घोषणा करतात. अमरावती आणि अकोला येथील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही तिघे ह्या चर्चासत्रांत कधी एका फळीत बसलो, कधी दुसऱ्या. आज आम्हांला असे वाटते की दोन्ही फळ्या एकच चूक करीत आहेत. सेवकाच्या मनात काय होते, एवढेच दोघांना जाणून घ्यायचे आहे. ज्याची सेवा झाली तो काय म्हणाला, कोणत्या भाषेत म्हणाला आणि ते सेवकाला कळले काय, हे कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात आमचे म्हणणे थोडक्यात असे: परक्या मुलखात जाऊन केलेल्या सेवेची पहिली कसोटी भाषा ही आहे; हेतूचा विचार त्यानंतरचा. ज्याची तक्रार आपल्याला कळत नाही, त्याची सेवा आपण करू शकत नाही. ह्या कसोटीला जुने मिशनरी अर्धेमुर्धे का होईना, उतरतात. आजचे पंधरा दिवसांचे स्वयंसेवक उतरत नाहीत. आणि सांगायला लाज वाटते, पण आम्ही मराठीचे प्राध्यापक तर मुळीच उतरत नाही.

वऱ्हाडापुरतेच बोलू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, आणि अकोला ही मिशनची ठाणी झाली. अमेरिकेतून आलेल्या जेनी फुलर आधी एलिचपूरला आणि पुढे अकोल्याला राहिल्या. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ह्या संस्थेचे वऱ्हाडातील काम अकोल्यातून वाढले. यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशन आले. त्याच गावी १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, ती १९८३ साली पुण्याला गेली. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभे राहिले. महारोग्याला गावाबाहेर काढणे हीच ज्या समाजाची रीत होती, त्या समाजाने ह्या कामाकडे तुच्छतेने पाहावे, हे शोभणारे नाही. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६ साली उभे राहिले. तोवर वऱ्हाडात ह्या रुग्णांच्या जखमा मुख्यतः कोणी धुतल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुले सांभाळली आणि त्यांतील पुष्कळांना ख्रिस्ती केले. भुकेल्या मुलाच्या होकाराला होकार म्हणता येत नाही, कारण नकार देण्याची ऐपत त्याच्याजवळ नसते. जेनी फुलर ह्यांचे 'द रॉंग्ज ऑफ इंडियन वुमनहुड' हे पुस्तक १९०० साली आले. त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. बालविवाह आणि वैधव्य ह्यांविषयी त्यात जे सांगितले आहे, ते आपल्याला झोंबते, कारण ते बव्हंशी खरे आहे. पण ते पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्याचा वाचक समुद्रापलीकडे बसलेला आहे. ज्या बायकांमध्ये राहून ते लिहिले गेले, त्यांच्या हाती ते पडणार नव्हते. ज्याच्याविषयी लिहायचे त्याला न कळणाऱ्या भाषेत लिहायचे आणि ज्याच्याकडून वर्गणी यायची त्याला कळणाऱ्या भाषेत लिहायचे, ही मिशनच्या अहवालांची जुनी खोड आहे. ती पुढे कोणाकोणाला लागली, ते लेखाच्या उत्तरार्धात पाहू.

आता ह्याच मुलखातले तिसरे उदाहरण. मेळघाट आणि बैतूलच्या डोंगरांत राहणाऱ्या कोरकूंमध्ये काम करणाऱ्या मिशनमधील जॉन ड्रेक ह्यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले. ते १९०३ साली कलकत्त्यात छापले गेले. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हिंदीचीही नव्हे. ती मुंडा गटातील भाषा आहे. तिचे नाते संथाली आणि मुंडारीशी आहे आणि त्या गटाची ती अगदी पश्चिमेकडील शाखा आहे. ड्रेक ह्यांना व्याकरण कशासाठी हवे होते, हे उघड आहे: प्रवचनासाठी. तरीही व्याकरण लिहिणे ही गोष्ट अशी आहे की तिच्यात माणसाला शिष्य व्हावेच लागते. वक्त्यासमोर बसायचे, वाक्य म्हणून दाखवायचे आणि 'असे नाही म्हणत' हे ऐकून घ्यायचे. ज्याला तारायला आपण आलो, तो आपल्याला दिवसातून पन्नास वेळा चुकलास म्हणून सांगतो. प्रवचनाच्या वेळी पाद्री वर उभा असतो आणि कोरकू खाली बसलेला असतो. व्याकरणाच्या वेळी त्यांच्या जागा बदलतात. आमच्या मते ड्रेक ह्यांच्या मिशनने केलेली सर्वांत टिकाऊ सेवा ती हीच.

ह्यावर आक्षेप येईल की भाषा शिकून केलेला धर्मप्रसार हा न शिकता केलेल्या धर्मप्रसारापेक्षा अधिक धोकादायक असतो. आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच हेतूचा प्रश्न टाळून चालणार नाही, हे आम्हांला मान्य आहे. परंतु हेतूचा प्रश्न आपल्याला कोठे नेतो, तेही पाहू.

१९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे जिल्हे त्या वेळी मध्य प्रदेशातच होते आणि राजधानी नागपूर होती. समितीचे अध्यक्ष डॉ. भवानीशंकर नियोगी हे नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती. अहवाल १९५६ साली आला. शाळा, दवाखाने, अनाथालये ह्यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, परदेशी पैसा त्यामागे आहे आणि त्याला आळा घातला पाहिजे, हा त्याचा आशय. पुढे धर्मांतरविरोधी कायद्यांच्या प्रत्येक चर्चेत ह्या अहवालाचा हवाला दिला गेला. पण त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात, त्याच नागपुरात, बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आणि धम्म स्वीकारणाऱ्यांत स्वतः डॉ. नियोगीही होते. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते चकित होतात. चकित होण्यासारखे त्यात काही नाही. प्रलोभनाने होणारे धर्मांतर वेगळे आणि विचाराने होणारे वेगळे, असे नियोगींना वाटले असणे शक्य आहे. मात्र हा फरक ठरवायचा कोणी? न्यायमूर्तीचे धर्मांतर विचाराचे आणि कोरकूचे मात्र पिठाच्या पोत्याचे, हे आपण कोणाला विचारून ठरवले? कोरकूला विचारले असते, तर निदान कोणत्या भाषेत विचारले ते तरी सांगता आले असते.

हेतूचा शोध घेणाऱ्या दोन्ही फळ्यांत ही एक खोल एकवाक्यता आहे. मिशनरी म्हणतो, हा अज्ञानी आहे, ह्याला प्रकाश दाखवू. मिशनविरोधक म्हणतो, हा भोळा आहे, ह्याला फसवणुकीपासून वाचवू. अज्ञानी आणि भोळा ह्या दोन विशेषणांत फारसे अंतर नाही. दोघांच्याही वाक्यात कोरकू हा कर्म आहे. कर्ता होण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही.

तो कर्ता होतो तेव्हा काय घडते, ह्याची उदाहरणे मराठी साहित्याच्या अभ्यासकाला दूर जाऊन शोधावी लागत नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि ज्या जोगिणींच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांच्याशीच श्रद्धा आणि आज्ञापालन ह्यांवरून वाद मांडला. तो पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने आला आहे. आश्रय दिला म्हणून बुद्धी गहाण पडत नाही, हे रमाबाईंनी आपल्या उपकारकर्त्यांना त्यांच्याच भाषेत सुनावले. पुढे अमेरिकेत निधी उभारण्यासाठी फिरल्या आणि परत आल्यावर १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिले. मदत करणाऱ्या देशाकडे मदत घेणारीने डोळे वर करून पाहिले, त्याचे गुणदोष नोंदवले आणि ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगितले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याची अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये घालवली आणि १९१७ साली मिशनपासून अलग होऊन 'देवाचा दरबार' ह्या कल्पनेचा ध्यास घेतला. ख्रिस्त हवा, पण तो पगारी आणि परदेशी व्यवस्थेतून नको, असा त्यामागील भाव. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपण वर्गात विनोदासाठी वाचून दाखवतो. मिशनच्या घरात राहून मिशनकडे हसत पाहणारी एक मराठी बाई त्यात आहे, हे सांगायला विसरतो. ह्या तिघांनाही उत्तर देता आले, कारण त्यांच्या हाती भाषा होती आणि समोरच्याला ती भाषा कळत होती. मेळघाटातल्या बाईच्या हातीही भाषा आहे. समोरच्याला ती कळत नाही, एवढाच फरक.

आता आजच्याकडे येऊ. आयुष्य काढायला येणारा परदेशी मिशनरी वऱ्हाडातून जवळजवळ नाहीसा झाला. स्वातंत्र्यानंतर व्हिसाचे नियम कडक होत गेले. परदेशी निधीविषयीचा पहिला कायदा १९७६ चा, नवा २०१० चा आणि २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला गेला. जगभर मिशनचे रूपही बदलले. चाळीस वर्षे एका गावात राहून तेथेच पुरले जाणारे मिशनरी कमी झाले आणि सुटीत पंधरा दिवसांसाठी आफ्रिकेत, मध्य अमेरिकेत, आशियात जाऊन शाळेची भिंत रंगवणारे, विहीर खणणारे, अनाथालयात मुलांना खेळवणारे स्वयंसेवक वाढले. त्यांतील बहुतेकांच्या सद्हेतूविषयी आम्हांला शंका नाही. जुन्या मिशनऱ्यापेक्षा ते नम्र आहेत, दुसऱ्याच्या देवाला सैतान म्हणत नाहीत. पण त्यांना तिथली भाषा येत नाही आणि ती शिकण्याइतका मुक्कामही नसतो. भिंत गावातल्या रंगाऱ्यालाही रंगवता आली असती आणि त्याला मजुरीही मिळाली असती, हे त्यांना सांगणार कोण आणि सांगितले तरी ते समजणार कसे?

हे आम्हांला आज सुचले असे नाही. इव्हान इलिच ह्या विचारवंताने, जो स्वतः कॅथलिक धर्मगुरू म्हणून दीक्षित झाला होता, १९६८ साली मेक्सिकोत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर भाषण करून त्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही येऊ नका. पाहायला या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका, असा त्या भाषणाचा मथितार्थ. ज्यांना मदत करायला निघालात, त्यांच्याशी बोलण्याइतकीही सामाईक भूमी तुमच्यापाशी नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. हे भाषण आम्ही प्रथम वाचले तेव्हा परदेशी स्वयंसेवकांची चांगली जिरवली म्हणून आम्हांला आनंद झाला. तो आनंद फार दिवस टिकला नाही.

कारण त्यानंतरच्याच हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर घेऊन आम्ही मेळघाटात गेलो. गावाचे नाव सांगत नाही. कागदोपत्री ते आमचे 'दत्तक ग्राम' होते. हा शब्द आम्ही अनेक वर्षे वापरला, पण एखाद्या जुन्या वस्तीला साठ पोरांचे महाविद्यालय दत्तक कसे घेऊ शकते, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांना कधी पडला नाही. शाळेच्या दोन खोल्यांत मुक्काम होता. त्यामुळे शाळा आठवडाभर झाडाखाली भरली. मुलांनी शोषखड्डे खणले, प्रभातफेरी काढली, कुपोषणावर पथनाट्य केले. नाटक उत्तम प्रमाण मराठीत होते. बाया नको तिथे हसत होत्या आणि हवे तिथे गप्प होत्या. शेवटच्या दिवशी एक म्हातारी हापशीपाशी उभी राहून बराच वेळ आमच्याकडे पाहत काही बोलली. आम्ही हात जोडले, हसलो, तिचा फोटो घेतला. आमच्या शिबिरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक कोरकू विद्यार्थी होता. परतीच्या गाडीत आम्ही त्याला विचारले, आजी काय म्हणत होती. तो सांगेना. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाला, "सर, गावात एकच हापशी आहे. आपण साठ जण तिच्यावर. म्हणून बायांना सात दिवस पहाटे नाल्यावर जावं लागलं. कधी जाता, असं विचारत होती."

महाविद्यालयात आल्यावर आम्ही अहवाल लिहिला. त्यात 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' हे वाक्य आहे. ते आम्हीच लिहिले. सोबत म्हातारीचा फोटो, तारीख आणि स्थळासह, नॅकच्या फाइलीत लागला. अकोल्याहून न्यूयॉर्कला अहवाल धाडणाऱ्या मिशनऱ्याला आम्ही वर नावे ठेवली. त्याचे वर्गणीदार आणि आमची मूल्यांकन समिती ह्यांत फरक काय? आणि तो मिशनरी त्या गावात वीस वर्षे राहून निदान 'कधी जाता' एवढे तरी समजला असता.

ह्यावर आमचे सहकारी म्हणतील की मेळघाटात तळमळीने काम करणारी आपली माणसे आहेत. सर्वांना एका मापाने का मोजता? आम्ही मोजत नाही. बैरागडला जाऊन राहिलेले डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे ह्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी मेळघाटात शिबिर घेतले नाही, संसार मांडला. गावाने त्यांना बोलावे, त्यांची परीक्षा पाहावी, इतका मुक्काम त्यांनी केला. आमचे म्हणणे ह्या उदाहरणाने खोटे ठरत नाही, उलट पक्के होते. गाडगेबाबांचेही तसेच. ज्यांचे नाव आमच्या विद्यापीठाला २००५ पासून आहे, ते बाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहिले की समोरच्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच वऱ्हाडीत त्यांच्याकडून उत्तरे काढून घेत. श्रोता बोलल्याशिवाय ते कीर्तन पुढे सरकत नसे. त्यांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या आम्हा प्राध्यापकांचे पथनाट्य मात्र श्रोत्याला न कळताच संपले.

आणि आता साहित्याच्या विद्यार्थ्यांशी थोडे खडसावून. १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त एका इंग्रज जेझुइटाने मराठीची थोरवी गायिली, हे आपण दरवर्षी छाती फुगवून शिकवतो. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, सुधारलेली आवृत्ती १८५७ साली. त्याच्याशिवाय आजही आपले चालत नाही. परक्याने आपल्या भाषेचे श्रम केले ह्याचा आपल्याला अभिमान आहे. मग आपण दुसऱ्या कोणाच्या भाषेचे श्रम केले? २०११ च्या जनगणनेनुसार कोरकू भाषकांची संख्या सव्वासात लाखांच्या घरात आहे. त्यांतले पुष्कळ आमच्याच जिल्ह्यात, चिखलदरा आणि धारणी ह्या दोन तालुक्यांत राहतात. त्यांच्या भाषेचा अभ्यास कोणी केला? आधी ड्रेक, मग अमेरिकेतले नॉर्मन झाइड, मग के. एस. नागराज, ज्यांचे कोरकूवरील पुस्तक १९९९ साली टोकियोहून निघाले. कलकत्ता, अमेरिका, टोकियो. ह्या यादीत अमरावती शोधा. आमच्या तिघांच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत ह्या तिन्ही अभ्यासकांपैकी एकाचेही पुस्तक नाही. ते मागवावे अशी यादी आम्हीही इतक्या वर्षांत दिली नव्हती. कोरकू विद्यार्थी वर्गात येतो, त्याच्या मराठीतील लिंगवचनाच्या चुकांना आम्ही लाल शाईने खुणा करतो, आणि त्याच्या भाषेत वचने किती हे आम्हांला ठाऊक नसते.

ती तीन आहेत. संस्कृतप्रमाणे कोरकूत द्विवचन आहे. शिवाय मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा जो भेद आहे, ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे अनेकवचन आणि त्याला सामावून घेणारे अनेकवचन, तोही कोरकूत आहे. इंग्रजीत तो नाही. 'वी' म्हणणाऱ्या इंग्रज मिशनऱ्याला, त्याच्या 'वी'मध्ये समोरचा कोरकू बसतो की नाही, हे कोरकू बोलताना प्रत्येक वाक्यात ठरवावे लागले असेल. आपल्या भाषेत तर हे ठरवण्याची सोय जन्मापासून आहे. तरी आपल्या सेवेच्या अहवालांतून पाहा: 'आम्ही जनजागृती केली', 'आम्ही वृक्षारोपण केले', 'आम्ही गाव दत्तक घेतले'. सगळीकडे आम्ही. हा लेखही 'आम्ही'नेच लिहिला आहे, कारण त्या म्हातारीला त्यात घेण्याचा अधिकार आम्ही अजून कमावलेला नाही.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. मिशनऱ्यांचा हेतू काय होता ह्यावर पुढचे चर्चासत्र जरूर घ्यावे. पण मेळघाटात शिबिर नेणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने आधी सहा महिने आपल्याच वर्गातल्या कोरकू विद्यार्थ्यापुढे वही घेऊन बसावे. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी दरवर्षी एक तरी विद्यार्थी कोरकू शब्दांकडे, गाण्यांकडे, नात्यांच्या नावांकडे वळवावा. आणि ते काम कोरकू विद्यार्थ्यानेच केले, तर त्याच्यासमोर परीक्षक म्हणून बसण्याची आपली पात्रता काय, हेही स्वतःला विचारावे. आणि हे होईपर्यंत शिबिराच्या अहवालातून 'उत्स्फूर्त प्रतिसाद' हे दोन शब्द काढून टाकावेत.

आम्ही तिघांनी वही घेतली आहे. शिकवणारा तोच विद्यार्थी आहे, आता तृतीय वर्षाला. परवा त्याने आमच्या एका वाक्याला हसून मान हलवली आणि म्हणाला, "असं नाही म्हणत, सर."